अभियंत्यांच्या स्थानिक केंद्राने अपयशांविषयीही बोलावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पानावर १६ सप्टेंबर रोजी आमच्या स्थानिक केंद्राच्या अभियंता दिन समारंभाची बातमी छायाचित्रासह प्रसिद्ध झाली, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. छायाचित्रात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या प्रतिमेभोवती सात जण उभे आहेत आणि त्यांत डावीकडून पाचवा, पुष्पगुच्छाआड अर्धा झाकला गेलेला इसम मी आहे. बातमीत प्रमुख पाहुण्यांची पदे आली, चौदा सत्कारमूर्तींची नावे आली, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन हेही सर्व क्रमाने आले. त्या संध्याकाळी कोणी काय सांगितले, तेवढे मात्र आले नाही. यात आपल्या बातमीदाराचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. त्याने आम्ही दिलेले प्रसिद्धिपत्रक छापले, आणि ते प्रसिद्धिपत्रक, कबूल करावयास हवे, मीच लिहिले होते. गेली अनेक वर्षे मीच लिहीत आलो आहे. मागच्या वर्षीच्या मजकुरात नावे तेवढी बदलावी लागतात.

समारंभाच्या उत्तरार्धात एक व्याख्यान झाले. सत्कार लांबल्यामुळे ते पाऊण तासाऐवजी पंचवीस मिनिटांत आटपावे, अशी चिठ्ठी वक्त्यांच्या हाती आधीच गेली होती. वक्त्या पस्तिशीच्या, इमारतींच्या दुरुस्तीच्या सल्लागार म्हणून काम करणाऱ्या संरचना अभियंता होत्या. त्यांनी पडद्यावर पार्किंगमधल्या एका खांबाची तीन छायाचित्रे दाखवली. पहिले दुरुस्तीपूर्वीचे, ज्यात खांबाच्या तळाचे काँक्रीट फुगून निखळले होते आणि आतल्या सळयांना गंजाचे पापुद्रे सुटले होते. दुसरे दुरुस्तीनंतरचे, गुळगुळीत आणि रंगवलेले. तिसरे त्यानंतर दोन पावसाळ्यांनी काढलेले, ज्यात दुरुस्त केलेला भाग जसाच्या तसा होता, पण त्याच्या वर हातभर अंतरावर एक नवी उभी चीर पडली होती. गंजलेल्या जागी नवा, अल्कधर्मी माल भरला की तिथला गंज थांबतो, परंतु त्याच सळईचा जुन्या काँक्रीटमध्ये राहिलेला शेजारचा भाग अधिक वेगाने गंजू लागण्याची शक्यता असते, हे त्यांनी विद्युतघटाची साधी आकृती काढून समजावले. ठिगळ लावण्याआधी शेजारचे काँक्रीट तपासायला हवे होते, वरच्या न्हाणीघराची गळती आधी बंद करायला हवी होती, आणि या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत, असे त्या म्हणाल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, "सल्लागार कोण होते?" त्यांनी उत्तर दिले, "मीच."

त्यानंतर टाळ्या पडल्या की नाही, हे मला आठवत नाही. आठवते ते जेवणाच्या वेळचे. हातात ताटे घेऊन आम्ही रांगेत उभे असताना आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी त्यांना जरा बाजूला घेतले आणि अगदी वडीलकीने सांगितले, "हे बघ, हुशार आहेस तू. पण असं चारचौघांत बोलत जाऊ नकोस. उद्या काम कोण देईल?" मी शेजारीच कोशिंबीर वाढून घेत होतो, आणि गप्प राहिलो. हे पत्र त्या गप्प राहण्यामुळे लिहीत आहे.

मी अभियंत्यांच्या दोन व्यावसायिक संस्थांचा जुना सभासद आहे आणि कोणत्या केंद्राविषयी लिहितो आहे हे मुद्दाम सांगत नाही, कारण हे गाऱ्हाणे एका केंद्राचे नाही. आपल्याकडे अशा संस्था पुष्कळ आहेत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स (इंडिया) ही १९२० साली स्थापन झाली आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. रस्ते आणि पुलांच्या मानकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ पासून आहे. भूतंत्राची (म्हणजे जमीन आणि पाया यांच्या अभियांत्रिकीची), काँक्रीटची, संरचना अभियंत्यांची वेगळी मंडळे नंतर निघाली. या बहुतेकांची शहरोशहरी स्थानिक केंद्रे आहेत. दर महिन्याला एखादे व्याख्यान, वर्षातून एक-दोन कामांना भेटी, अभियंता दिन, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि दर दोन वर्षांनी कार्यकारिणीची निवडणूक असा त्यांचा साधारण संसार असतो. शहरातल्या सामान्य वाचकाला या केंद्रांचा पत्ताही ठाऊक नसतो, आणि खरे सांगायचे तर आपण काही चुकवतो आहोत असे त्याला वाटावे, असे आम्ही फारसे काही करतही नाही.

तरीही ही केंद्रे महत्त्वाची का आहेत, याचे एक कारण वाचकांपुढे क्वचितच येते. वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि बार कौन्सिल आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे. डॉक्टरांची नोंदणी कायद्याने होते आणि ती रद्दही होऊ शकते. अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा कायदा आजतागायत झालेला नाही. महापालिका संरचना अभियंत्यांना आपापल्या हद्दीपुरते परवाने देतात, पण पूल, धरण किंवा टाकी बांधणाऱ्या अभियंत्याने व्यवसायाला न शोभणारे काही केले, तर त्याला समवयस्कांसमोर उभे करील अशी वैधानिक परिषद अस्तित्वात नाही. जी काही व्यावसायिक लाज आणि शिस्त आम्हाला लागते, ती सहकाऱ्यांच्या नजरेची. ती नजर भेटण्याची जागा म्हणजे स्थानिक केंद्राचे सभागृह, आणि तिथेच जर चूक सांगू नये असा सल्ला मिळणार असेल, तर मग दुसरी जागा उरत नाही.

ज्यांच्या प्रतिमेला आम्ही दरवर्षी हार घालतो, त्यांच्याविषयी दोन शब्द. विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. आमच्या भाषणांत यानंतर थेट खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे येतात, जे पाणी ठराविक पातळीला चढले की आपोआप उघडत आणि उतरले की मिटत, आणि ज्यांच्यामुळे धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढवता आली. त्यानंतर कृष्णराजसागर, त्यानंतर १९५५ चे भारतरत्न. मधले धुळे आम्ही गाळतो. नोकरीच्या अगदी सुरुवातीला खानदेशात पांझरा नदीवरील नळांच्या सायफनचे काम त्यांच्याकडे होते. पावसाने गाळ येऊ लागला म्हणून ते पावसाळ्यानंतर करू द्यावे अशी विनंती त्यांनी केली, ती वरिष्ठांना रुचली नाही, आणि नंतर त्यांनी ते काम पुरे केले, ही हकिकत त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. भारतरत्न मिळवणाऱ्या माणसाला आपली पहिली अडचण आणि वरिष्ठांची नाराजी लिहून ठेवावीशी वाटली. आमच्या वार्षिक अहवालात मात्र आजवर एकही काम अडल्याची नोंद नाही.

त्याच खडकवासल्याची भिंत १२ जुलै १९६१ रोजी फुटली, कारण त्या सकाळी वरच्या बाजूचे पानशेत फुटले होते. पानशेत म्हटले की आजच्या विद्यार्थ्याला शनिवार-रविवारची सहल आठवते. आम्हाला ते आमच्या व्यवसायाच्या वहीतले सर्वांत लाल पान म्हणून आठवावयास हवे. आंबी नदीवरचे ते मातीचे धरण होते. भरावाच्या पोटातून पाणी सोडण्याची जी मोरी जाते, तिचे आणि तिच्या दरवाजांचे काम अपुरे असताना पहिल्याच पावसाळ्यात धरण भरत गेले, मोरीच्या माथ्यावरचा भराव खचू लागला, आणि रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचूनही सकाळी ते वाचले नाही. यातल्या प्रत्येक पायरीत शिकण्यासारखे इतके आहे की त्यावर एक संपूर्ण वर्षाची व्याख्यानमाला होईल: मातीच्या भरावातून काँक्रीटची नळी नेताना दोहोंच्या सांध्याशी काय घडते, अर्धवट उघड्या दरवाजाखालून वेगाने जाणारे पाणी मोरीला कसे हादरे देते, भराव खचतो आहे हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येते, आणि काम अपुरे असताना पाणी अडवू नका हे कनिष्ठ अभियंत्याने कोणाला, कोणत्या शब्दांत आणि कागदावर की तोंडी सांगायचे. यातल्या शेवटच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. ते चाळीस वर्षे कामावर उभे राहिलेल्या माणसांकडे असते आणि त्यांच्याबरोबर जाते. मी केंद्रात आल्यापासून १५ सप्टेंबरचा अभियंता दिन एकदाही चुकलेला नाही. १२ जुलै एकदाही पाळलेला नाही.

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी माझे सांगतो. १९८३ साली, नोकरीला चार वर्षे झाली असताना, एका तालुक्याच्या गावी शाळेच्या दोन खोल्यांचे काम माझ्याकडे होते. खोल्यांपुढे साडेचार फुटांचा छज्जा होता. स्लॅबमध्ये मुख्य सळया खालच्या अंगाला असतात, कारण मधोमध वाकताना ताण खाली येतो. एका बाजूने मोकळ्या छज्ज्यात तो वरच्या अंगाला येतो, म्हणून सळया वर असाव्या लागतात. हे मला पाठ होते. सळया बांधून झाल्या तेव्हा मी त्या मोजल्या, व्यास पाहिला, अंतर पाहिले आणि मेजरमेंट बुकात, म्हणजे कामाच्या मोजमापांच्या वहीत, नोंद केली. सळयांना वर धरून ठेवणाऱ्या खुर्च्या मात्र पुरेशा नव्हत्या, आणि दुसऱ्या दिवशी घमेली घेऊन जाणारी माणसे दिवसभर त्याच जाळीवरून चालली. सळया दबून तळाला गेल्या. चौदाव्या दिवशी सेंटरिंग काढले तेव्हा छज्ज्याच्या मुळाशी वरून एक चीर उघडली आणि त्याची कड बोटभर, मग चार बोटे खाली आली. मिस्त्री हुशार होता, त्याने आरडाओरडा न करता दोन टेकू परत लावले. शाळा अजून सुरू झाली नव्हती, त्यामुळे कोणाला इजा झाली नाही. छज्जा तोडला तेव्हा सळया सापडल्या: संख्येने बरोबर, व्यासाने बरोबर, फक्त जागेवर नव्हत्या. माझी मेजरमेंट बुकातली नोंद आजही शब्दशः खरी आहे.

ही हकिकत मी सोळा वर्षे कोणाला सांगितली नाही. सांगितली ती स्थानिक केंद्राच्या एका मासिक व्याख्यानाला, कारण ठरलेले वक्ते आयत्या वेळी येऊ शकले नाहीत आणि सचिवांनी मला उभे केले. हजर अकरा जण होते. माझे बोलणे वीस मिनिटांत संपले आणि मग, कोणी न विचारता, पाटबंधाऱ्याच्या एका निवृत्त अभियंत्यांनी आपल्या कालव्याच्या मोरीची गोष्ट काढली, जिथे भराव एका बाजूने आधी घातल्यामुळे भिंत कलली होती. त्यानंतर पाण्याच्या टाकीची गोष्ट आली. एका तरुण सभासदाने, बहुधा ती टाकीची गोष्ट ऐकून धीर आल्यामुळे, आपल्या चालू कामावरच्या क्यूबचे, म्हणजे ताकद तपासण्यासाठी दाबून फोडायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, निकाल संशयास्पद एकसारखे येत असल्याचे सांगितले, आणि तिथल्या तिथे चौघांनी त्याला काय करायचे ते समजावले. शिपाई दिवे बंद करायला आला तेव्हा दहा वाजून गेले होते. मी पाहिलेली केंद्राची ही सर्वांत चांगली सभा. त्या वर्षीच्या अहवालात ती "तांत्रिक व्याख्यान : १, उपस्थिती : ११" अशी आहे.

अशा सभा का होत नाहीत, याची कारणे मला माहीत आहेत आणि ती क्षुल्लक नाहीत. आमच्या सभासदांपैकी बरेच जण सरकारी सेवेत असतात आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्यांना शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत. मग तांत्रिक मत कुठे संपते आणि टीका कुठे सुरू होते, याचा वाद नको म्हणून माणूस तोंडच उघडत नाही. खासगी सल्लागाराची बिले ज्या कार्यालयात अडकलेली असतात, त्याच कार्यालयाच्या पुलाविषयी तो मत कसे देणार? ठेकेदार सभासदाला न्यायालयाची भीती असते. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर इलाज निघालेला आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून संरचनांच्या सुरक्षिततेविषयी गोपनीय माहिती देण्याची एक व्यवस्था चालते, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'क्रॉस' म्हणतात. अभियंता आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात लिहून कळवतो. ठिकाण, मालक, ठेकेदार, नाव सर्व काढून टाकले जाते. उरते ती फक्त काय घडले आणि का घडले ही गोष्ट, तज्ज्ञांच्या अभिप्रायासह. आपल्या एका शहराच्या केंद्राला एवढे मोठे काही उभारायचे नाही. नावे गाळायची आणि गोष्ट ठेवायची, एवढा नियम फळ्यावर लिहिला तरी पुरे.

याउलट आज आमच्या संध्याकाळी कशा जातात, तेही सांगावयास हवे. सभागृहाचे भाडे, जेवण आणि निमंत्रणपत्रिका यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघत नाही, म्हणून प्रायोजक येतो. प्रायोजक बहुधा जलरोधक रसायने, टाइल्सचा चिकट मसाला, पाइप किंवा सळई विकणारी कंपनी असते, आणि व्याख्याते त्यांचे विक्री विभागातले अभियंते. माणसे सज्जन असतात, माहितीही वाईट नसते. परंतु आपले रसायन कुठे निकामी ठरले, हे त्यांनी सांगावे अशी अपेक्षा कोणी करू नये. तीन वर्षांपूर्वी गच्चीच्या गळतीवरील अशाच एका व्याख्यानात मी विचारले की हे कोटिंग कोणत्या परिस्थितीत लावू नये. वक्ते हसले आणि म्हणाले, "सर, पुढच्या स्लाइडवर येतोच." पुढच्या स्लाइडवर जेवणाचे आमंत्रण होते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत चित्र अधिक वाईट झाले आहे आणि त्याचे एक कारण केंद्राच्या हातातले नव्हते. मी स्वतः पदविकाधारक. नोकरी करत एएमआयई या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सच्या परीक्षेचे दोन्ही विभाग दिले आणि १९८८ साली पदवीशी समकक्ष झालो. त्या काळी रविवारी सकाळी ज्येष्ठ सभासद केंद्रात फुकट शिकवायला येत. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स मला तिथेच कळले, तेही एका निवृत्त अधीक्षक अभियंत्यांनी खडूचा तुकडा वाकवून मोडून दाखवल्यावर. पुढे शासनाच्या निर्णयाने ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी या परीक्षेची पदवी-समकक्षता राहिली नाही, आणि केंद्राकडे गरजेपोटी येणारी, कामावर मळलेली तरुण माणसे येईनाशी झाली. आता महाविद्यालयांचे विद्यार्थी बस भरून येतात. त्यांना उपस्थितीचे प्रमाणपत्र हवे असते, महाविद्यालयाला मूल्यांकनाच्या तक्त्यात एक रकाना भरायचा असतो, आणि आम्हाला छायाचित्रासाठी भरलेले सभागृह. सर्वांचे काम होते.

नागरिकांशी आमचा संबंध जिथे खरोखर येऊ शकतो, त्याविषयी आता लिहितो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयाचे असते. किती संस्था ते करतात, आणि किती जण प्रमाणपत्रापुरते करतात, हे आपल्या वाचकांना त्यांच्या इमारतीपुरते ठाऊक असेलच. परीक्षण झाले म्हणजे धोका टळला असेही नाही: १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ जो पादचारी पूल कोसळला, तो आधीच्या परीक्षणात किरकोळ दुरुस्ती सुचवून वापरण्यायोग्य ठरलेला होता. आणि इमारत नवी आहे म्हणून ती निर्धोक, हेही महाडने खोटे ठरवले. २४ ऑगस्ट २०२० रोजी तिथे कोसळून सोळा जणांचा बळी घेणारी पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या चौघांनी, केंद्राच्या कार्यक्रमपत्रिकेबाहेर, एका गृहसंस्थेच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक प्रात्यक्षिक केले. तळमजल्याच्या एका तुळईचा कोपरा छिन्नीने फोडला आणि ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. काँक्रीट अल्कधर्मी असेल तिथे ते गडद गुलाबी होते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती अल्कता जिथपर्यंत खाल्ली असेल तिथपर्यंत रंगहीन राहते. बाहेरचा सव्वा इंच तसाच राहिला, आत रंग चढला, आणि सळई होती त्या रंगहीन पट्ट्यात. संस्थेच्या सचिव बाईंनी विचारले, "गुलाबी चांगले की वाईट?" गुलाबी चांगले, असे म्हटल्यावर त्यांनी सळईकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "मग ही बाहेर का?" तीस वर्षांच्या नोकरीत मी कव्हर ब्लॉकविषयी, म्हणजे सळईला फर्म्यापासून दूर ठेवणाऱ्या ठोकळ्यांविषयी, जे शंभरदा बोललो, ते त्या एका प्रश्नात होते. बांधताना सळई आणि फर्मा यांच्यात पुरेसे अंतर राखले असते, तर सळई अजून काही वर्षे गुलाबी भागात राहिली असती. त्यानंतर अर्धा तास लोक हलले नाहीत; गॅलरी बंदिस्त केल्याने काय होते, गच्चीवर दुसरी टाकी चढवली तर चालेल का, भिंत पाडताना कोणाला विचारायचे, असे प्रश्न येत राहिले. दुरुस्तीचा ठेका कोणाला द्यावा, हे मात्र आम्ही सांगितले नाही आणि सांगणारही नाही. फिनॉल्फ्थॅलिनच्या बाटलीला आमच्या एका सत्काराच्या शालीहून कमी पैसे पडले.

आता थोडे आपल्या दैनिकाविषयी, रागावणार नाही या विश्वासाने. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल वाहून गेला, तेव्हा बहुतेक सर्वच वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्याचे वय मोठ्या अक्षरांत दिले. ब्रिटिशकालीन हा शब्द त्यानंतर प्रत्येक पुलाच्या बातमीत येतो. वय हे पूल पडण्याचे कारण नसते. वय वाढले की पाहणी वाढवावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. पुरात पायथ्याची माती आणि वाळू किती खोल खरवडली जाते, पाण्याखालचा खांब कोण, केव्हा आणि कशाने पाहतो, कमानीच्या सांध्यातला चुना धुऊन गेला तर वरून जाणाऱ्याला ते दिसते का, हे प्रश्न विचारले गेले असते तर पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक जिल्ह्यात लोकांनी ते आपापल्या पुलाविषयी विचारले असते. पण हे विचारायचे कोणाला, हे आपल्या बातमीदाराला माहीत नव्हते, कारण स्थानिक केंद्राचा दूरध्वनी उचलायला कोणी नसतो. हा दोष आमचा. तरुणपणी मेहनतीने मिळवलेले ज्ञान निवृत्तीनंतर सकाळच्या फिरण्यात वाटून संपवणारी माझ्यासारखी दहा-बारा माणसे या शहरात सहज सापडतील. आम्हाला वर्तणूक नियम लागू नाहीत आणि आमची बिले कुठे अडकलेली नाहीत. अपघात झाला की चोवीस तासांत, दोनशे शब्दांत, काय ठाऊक आहे आणि कशाचा तपास व्हावयास हवा एवढेच लिहून द्यायचे आणि दोषी कोण हे लिहायचे नाही, अशी एक छोटी समिती केंद्राने नेमावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे मांडला आहे. तो "पुढील बैठकीत विचारार्थ" आहे. आमच्याकडे पुढील बैठक म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून प्रस्तावाची वाट न पाहता आम्ही काही सभासदांनी एवढे ठरवले आहे की येत्या १२ जुलैला सायंकाळी सहा वाजता बसायचे. व्यासपीठ नाही, हार नाही, प्रायोजक नाही. चहा आणि बिस्किटांचे पैसे आम्ही वाटून घेणार आहोत. पहिला अर्धा तास पानशेतच्या मोरीचा. त्यानंतर खांबाची तीन छायाचित्रे, या वेळी पूर्ण पाऊण तास. त्या अभियंता बाईंना मी दूरध्वनी केला, माफी मागितली, आणि त्यांनी येण्याचे मान्य केले. मग माझा छज्जा. पुढे जो उठेल त्याचे. ज्या ज्येष्ठ सभासदांचा उल्लेख वर आला, त्यांना मी हे पत्र पाठवण्यापूर्वी वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "छापून आलं तर बघू."

त्या संध्याकाळचे प्रसिद्धिपत्रक आम्ही काढणार नाही, तेव्हा कृपया बातमीदार पाठवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपअभियंता
(नाव व पत्ता संपादकांकडे)